अंगठ्याचे प्रमाणित दुखणे

जे मोजता येत नाही ते नसतं, या तत्त्वावर जग चाललं आहे. आमचं कार्यालय तर निव्वळ याच तत्त्वावर चाललं आहे, कारण ते वजनमापांचं कार्यालय आहे. बाजारातला प्रत्येक तराजू, प्रत्येक वजन, दुधाचं प्रत्येक माप आमच्याकडून तपासून घ्यावं लागतं आणि त्यावर आमचा शिक्का बसावा लागतो. शिक्क्याशिवाय किलो हा किलो नसतो, तो नुसता लोखंडाचा तुकडा असतो. (हे वाक्य माझं आहे. मी ते निरोपसमारंभात नेहमी वापरतो.)

अशा कार्यालयात कोणाचं दुखणं न मोजता मान्य व्हावं, अशी अपेक्षा ठेवणं मुळातच चूक होतं. ती चूक माझ्या साडूने केली.

साडू आमच्याकडे फिरता निरीक्षक आहे. फिरता निरीक्षक म्हणजे प्रमाणित वजनांची पेटी हातात घेऊन दुकानोदुकानी जाणारा आणि तिथला काटा खरं बोलतो की नाही हे पाहणारा माणूस. पेटीत पाव किलोपासून पाच किलोपर्यंतची पितळी वजनं असतात. ती पेटी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही आणि वाटेत जमिनीवर टेकवायची नाही, असा नियम आहे. टेकवली तर वजनं झिजतात. निरीक्षक झिजला तर चालतो, तो पितळी नसतो.

एका सकाळी साडू उठला आणि त्याला पाय टेकवेना. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, टरटरून सुजलेला आणि इतका हळवा, की अंगावरची चादर लागली तरी डोळ्यांत पाणी यावं. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं म्हणतात. हा हत्ती येऊन नेमका अंगठ्यावर उभा राहिला होता. साडूने पलंगावर बसूनच अर्ज लिहिला : 'अंगठा सुजल्यामुळे कामावर येऊ शकत नाही, तरी रजा मिळावी.'

आता, आमच्याकडे हजेरी अंगठ्याने लागते. दारात यंत्र आहे. त्यावर अंगठा टेकवला की ते 'धन्यवाद' म्हणतं. (कार्यालयात हा शब्द उच्चारणारं ते एकटंच आहे.) आपली मराठी भाषा काटकसरी असल्यामुळे तिने हाताला आणि पायाला मिळून एकच अंगठा दिला आहे. आस्थापना शाखेने अर्ज सहानुभूतीने वाचला आणि त्याच दिवशी आदेश काढला : 'अर्जदाराचा अंगठा सुजला असल्याने त्यांना यंत्रावर अंगठा टेकविण्यापासून सूट देण्यात येत आहे. सबब रजेची आवश्यकता उरत नाही. अर्जदाराने कामावर हजर व्हावे.'

साडू हजर झाला. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात पट्टा कापलेली रबरी चप्पल. तो भिंतीला धरून यंत्राजवळून गेला आणि यंत्राने त्याला गैरहजर लावलं. ज्याला सूट आहे त्याची हजेरी कशी लावायची, हे आदेशात नव्हतं. तेव्हापासून तो रोज येत राहिला आणि रोज गैरहजर राहिला. हा तपशील ध्यानात ठेवावा. समितीला पुढे त्याचा फार उपयोग झाला.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, हा गाऊट वाटतो असं म्हणाल्या, तात्पुरत्या गोळ्या दिल्या आणि रक्तातलं युरिक ॲसिड तपासायला सांगितलं. शिवाय चिठ्ठी दिली, की पाय उतरेपर्यंत यांना बैठं काम द्यावं.

या विषयाबद्दल समाजात किती जागृती आहे ते पाहावं म्हणून मी कार्यालयातल्या चाळीसजणांची पाहणी केली. एकवीसजणांच्या मते हे ॲसिड पोटात असतं आणि ढेकर दिली की कमी होतं. अकराजणांच्या मते ते गाडीच्या बॅटरीत असतं. सातजण चहाला गेले होते. उरलेल्या एकाला, म्हणजे साहेबांना, ही पाहणी कोणाच्या परवानगीने चालली आहे हे जाणून घ्यायचं होतं.

वस्तुस्थिती साधी आहे. शरीरातल्या पेशी जुन्या होतात, अन्न पचतं, त्यांतला प्युरिन नावाचा पदार्थ मोडतो आणि मागे उरते ती राख म्हणजे युरिक ॲसिड. मूत्रपिंडं ही राख लघवीवाटे बाहेर टाकतात. राख फार झाली किंवा टाकणाऱ्यांनी हात आखडता घेतला, तर ती रक्तात साठते आणि काहीजणांच्या सांध्यांत तिचे सुईसारखे बारीक स्फटिक धरतात. मग ठणका. यालाच म्हणतात गाऊट. काहीजणांची राख जन्मभर वाढलेली असते आणि त्यांना काहीही होत नाही. ('काहीजणांच्या' हा शब्द मोघम असल्याने समितीने तो नंतर वगळला.)

पुरुषांसाठी लॅबने दिलेली मर्यादा होती साडेतीन ते सात पॉइंट दोन. साडूचा आकडा आला सहा पॉइंट एक. आकड्यापुढे तारा नाही, बाण नाही, ठळक अक्षरंसुद्धा नाहीत. इतका निर्मळ रिपोर्ट आमच्या खानदानात कोणाचा आला नव्हता.

इथे समितीचा परिचय करून देणं भाग आहे. 'कर्मचारी आरोग्य व आसनव्यवस्था समिती' असं तिचं नाव. साहेब अध्यक्ष, मी सचिव, आणि सदस्य म्हणून आस्थापना शाखेचा एक कारकून, जो सहसा मान डोलावतो. साहेबांची प्रकृती पहिल्यापासून तोळामासा. (तोळा आणि मासा ही मापं रद्द झाल्यामुळे कार्यालयीन कामात 'ग्रॅम-मिलिग्रॅम प्रकृती' असं लिहावं लागतं.) समितीपुढे प्रश्न होता एका खुर्चीचा. तळमजल्यावर शिक्के मारलेल्या वजनांच्या पावत्या देणारी खिडकी आहे. तिथला कारकून निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. खुर्चीवर उशी आहे. समोर आडवी फळी आहे, तिच्यावर पाय ठेवता येतो. साडूला ती खुर्ची हवी होती. या सगळ्या प्रकरणात त्याची मागणी एवढीच होती.

पण साडू सचिवाचा नातेवाईक. नातेवाइकाला खुर्ची दिली तर लोक तोंडाला येईल ते बोलणार. म्हणून मीच सुचवलं, की सगळ्या फिरत्या निरीक्षकांचं रक्त तपासावं आणि ज्याचा आकडा सर्वांत जास्त त्याला बसवावं. तराजूपुढे सगळे सारखे. या सूचनेचं कौतुक झालं, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त आकडा पैलवानाचा निघाला. आठ पॉइंट नऊ.

पैलवान हाही निरीक्षकच. नाव पडलं ते दोन हातांत दोन पेट्या घेऊन जिने चढतो म्हणून. आजवर त्याचं बोटही दुखलेलं नाही. बाजारात फिरणं हा त्याचा जीव की प्राण, कारण प्रत्येक दुकानात त्याची कोणाशी तरी गट्टी आहे. रिपोर्ट हातात पडला तेव्हा तो हसला, आणि समितीने तिथल्या तिथे बैठं काम दिलं तेव्हा हसायचा थांबला.

"पण मला काही होतच नाहीये, साहेब," तो म्हणाला.

"तेच तर गंभीर आहे," साहेब म्हणाले. "होत असतं तर कळलं असतं."

पैलवानाने खुर्चीत बसून पाहिलं. खुर्ची त्याला कमरेत होईना. तो म्हणाला, "अहो, दादांना बसू द्या इथे. त्यांचा पाय बघवत नाही. त्यांचा बाजार मी करतो, माझाही करतो." साडूनेही तसंच लिहून दिलं. समितीने दोन्ही विनंत्या एकत्र विचारात घेतल्या. अदलाबदलीचे नियम आहेत, पण त्यांत एकाची तरी गैरसोय व्हावी अशी पूर्वअट आहे. दोन कर्मचाऱ्यांनी परस्पर सुखी होण्याची तरतूद नाही. विनंत्या दप्तरी दाखल झाल्या.

त्यानंतर साडूने अपील केलं आणि समितीची बैठक बोलावण्यात आली. साहेबांनी पहिलाच आक्षेप मूलभूत घेतला. रिपोर्टात मिलिग्रॅम लिहिले आहेत, ते कोणाच्या शिक्क्याचे? आमच्या कार्यालयाने त्या लॅबचं एकही मिलिग्रॅम तपासलेलं नव्हतं. लॅबवाल्या बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या यंत्राची तपासणी नेमाने होते, त्याची काळजी करू नका. पण सात पॉइंट दोन म्हणजे काही भिंत नाही. पलीकडच्या लॅबची मर्यादा सातच आहे."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे एकाच शहरात दोन किलो?"

"किलो नाही हो. यंत्रं वेगळी, पद्धत वेगळी, म्हणून मर्यादा थोडी इकडेतिकडे असते. बायकांची तर आणखी कमी असते. आणि नुसत्या आकड्यावर गाऊट आहे की नाही ठरत नाही. डॉक्टर माणूसही बघतात."

हे शेवटचं वाक्य इतिवृत्तात घ्यावं की नाही, यावर मतभेद झाला. 'माणूस' या शब्दाची व्याख्या कुठल्याच नियमात सापडेना, म्हणून घेतलं नाही.

मग साडूने डॉक्टरीणबाईंची दुसरी चिठ्ठी पुढे केली. तिच्यात लिहिलं होतं, की ऐन ठणक्यात काहीजणांचा आकडा नेहमीसारखा दिसतो, त्यामुळे त्यावरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. ठणका पुरता गेला की दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावं, तेव्हा खरा आकडा कळेल.

चिठ्ठी मीच मोठ्याने वाचली. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे दुखतं तेव्हा आकडा नाही?"

"नसू शकतो," मी म्हणालो.

"आणि आकडा येईल तेव्हा दुखणार नाही?"

"तसं दिसतंय खरं."

"मग ही दोघं एका वेळी हजर राहणार कधी?"

या प्रश्नातला तर्क बिनतोड होता. साक्षीदार आला की आरोपी नाही, आरोपी आला की साक्षीदार नाही, अशा खटल्याचा निकाल कसा लावायचा? साडू खाली वाकला, त्याने पाय दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावर ठेवला.

अंगठा वांग्यासारखा झाला होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती. वरच्या पंख्याचा वारा लागत होता तेवढ्यानेही साडूच्या जबड्याची शीर उडत होती. आम्ही तिघं तिकडे पाहता पाहता राहिलो. मग साहेब खिडकीकडे बघत शांतपणे म्हणाले, "पाय खाली घ्या. विषयपत्रिकेवर पाय नाही."

कारकुनाने मान डोलावली. (हा कारकून म्हणजेच ज्याने अंगठ्याची सूट काढली तो. त्याला वाटत होतं की चुकीचा अंगठा दाखवला जात आहे.)

तरीही साहेबांचं मन द्रवलं असावं, कारण त्यांनी हजेरी मागवली. ठणका सुरू झाल्यापासून साडू सलग गैरहजर. निर्णय आपोआप झाला : 'अर्जदार यांनी संपूर्ण आजारपणात घरी विश्रांती घेतल्याचे यंत्राच्या नोंदीवरून दिसून येते. विश्रांतीचा लाभ आधीच घेतला असल्याने बैठ्या कामाची गरज राहत नाही. अपील फेटाळण्यात येत आहे. प्रकृतीस शुभेच्छा.' शुभेच्छा मी माझ्याकडून घातल्या. नातं आहे शेवटी.

साडू पेटी घेऊन बाजारात गेला. पाच किलोचं वजन, दोन किलोचं, एक किलोचं, खालची चिल्लर, आणि टेकवायचं नाही. दुकानदार त्याला स्टूल द्यायचे, पण दुकानदाराकडून काहीही स्वीकारायचं नाही असाही नियम आहे.

घरी मेहुणीने मला गाठलं. ती बायकोची धाकटी बहीण. मला भाऊजी म्हणते आणि सहसा माझी चेष्टा करते. त्या दिवशी केली नाही.

"भाऊजी, पाय तुम्ही पाहिलात ना?"

"बैठकीत आला होता."

"मग? हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो?"

"लागतो," मी म्हणालो, "आणि तोही प्रमाणित."

माझी बायको आतून म्हणाली, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं गं. तू कोणाला सांगतेस?" ही म्हण मला ठाऊक आहे. तिच्यात जळण्याचं प्रमाण दिलेलं नाही, म्हणून आम्ही ती ग्राह्य धरत नाही. पण जेवताना मी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, एवढं मी मान्य करतो.

दुखणं मुंगीच्या पावलाने गेलं. अंगठा पुन्हा अंगठ्यासारखा दिसू लागला, बुटात मावू लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे साडूने पुन्हा रक्त दिलं. आकडा नऊ पॉइंट एक. पुढे तारा, वर जाणारा बाण आणि ठळक अक्षरं, सगळा सरंजाम.

समितीत आनंदीआनंद झाला. साहेबांनी स्वतः साडूचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आधीच सांगायचं नाही का?" पैलवानाचे आठ पॉइंट नऊ या आकड्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. गुणानुक्रमे पैलवान उठला (खुर्ची काही पावलं त्याच्याबरोबर गेली) आणि साडू बसला. उशीवर बसला, फळीवर पाय ठेवला. पाय ठणठणीत होता. तो दिवसभर पावत्या फाडायचा आणि अधूनमधून अंगठा हलवून बघायचा.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं वाटतंय हो साडूभाऊ," तो म्हणाला. "म्हणूनच तर बसलोय."

समितीने एकदा न्याय केला की थांबत नाही. दर महिन्याला रक्त तपासून खुर्ची सर्वांत वरच्या आकड्याला द्यावी, असा कायमचा नियम झाला. इकडे डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट आणि पाय असं तिन्ही समोर ठेवून निदान पक्कं केलं आणि आकडा उतरवण्याची रोजची गोळी सुरू केली. त्यांनी बजावलं होतं, की सुरुवातीच्या महिन्यांत एखादा ठणका पुन्हा येऊ शकतो. घाबरायचं नाही, गोळी सोडायची नाही, हळूहळू थांबेल.

इथे साडूच्या संसारात एक पेच उभा राहिला. गोळी घ्यावी तर आकडा उतरणार आणि खुर्ची जाणार. न घ्यावी तर खुर्ची राहणार आणि सांधे जाणार. साडू मेहुणीला म्हणाला, चार महिने गोळीचं राहू दे. मेहुणी पुन्हा माझ्याकडे आली.

"भाऊजी, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं, की गोळी हा विषय समितीच्या कक्षेबाहेरचा आहे. ती उठून घरी गेली. त्यानंतर तिने गोळी स्वतःच्या हाताने द्यायला सुरुवात केली, समोर उभं राहून, पाणी पिऊन होईपर्यंत. साडू नियमांना घाबरतो, पण तिला जास्त घाबरतो.

आकडा उतरत पाच पॉइंट आठवर आला. समितीने अभिनंदनाचा ठराव केला, साडूला फूल दिलं आणि त्याच हातात पेटी दिली. पैलवान जड पावलांनी खिडकीशी गेला. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसा तो एखादा ठणका नेमका त्याच आठवड्यात आला. साडू सकाळी पट्टा कापलेली चप्पल घालून आला. यंत्राजवळ क्षणभर थांबला, हाताचा अंगठा टेकवला. यंत्र 'धन्यवाद' म्हणालं. मग पेटी उचलून तो एका पायावर भार देत बाजाराकडे निघाला. पैलवान खिडकीतून बघत होता. त्याने तोंड फिरवलं. मी जिन्यावर उभा होतो. मला वाईट वाटलं. किती, ते मोजायचं साधन आमच्याकडे नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय माणसं आहेत ही! टेबलावर पाय ठेवला तरी दिसला नाही! रास्त आहे. समितीत सध्या एका सदस्याची जागा रिकामी आहे, कारण मान डोलावणाऱ्या कारकुनाची मान धरली आहे. (त्याचा एक्स-रे नॉर्मल आहे. तो कामावर येतो.) इच्छुकांनी अर्ज करावा. लेखी परीक्षा नाही, एकच प्रश्न आहे. तुमच्या घरात मागच्या वेळी आईने, वडिलांनी, नवऱ्याने किंवा बायकोने "दुखतंय गं" किंवा "दुखतंय रे" म्हटलं, तेव्हा तुम्ही आधी काय विचारलंत? 'कुठे दुखतंय, बघू' की 'रिपोर्ट काय आला'?

दुसरं विचारलं असेल, तर अर्ज करायची गरज नाही. तुमचं नाव आमच्याकडे आधीच आहे. बैठकीला या, आणि येताना कोणाच्या पायाकडे बघू नका.